मागच्या दाराचा हिशोब : शहापुरातल्या एका लॉजच्या प्रकल्प नोंदी

१३ मे २०२४

एक लॉज पर्यावरणपूरक करायचं काम आजपासून सुरू. बेळगावात कपिलेश्वर पूल ओलांडून शहापुरात शिरलं की लागणारं जुनं लॉज, वर २४ खोल्या, खाली खानावळ. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गच्चीवर सोलर, दारात 'पर्यावरणपूरक' असा बोर्ड आणि जिन्यात कुंड्या एवढं त्यांच्या मनात आहे. सोलरला माझी हरकत नाही. पण पाऊस लागेपर्यंत काहीही विकत घेऊ नका, आधी मोजूया, अशी विनंती केली. पाणी, वीज आणि सिलिंडर यांची बिलं येतात, त्यामुळं त्यांचा अंदाज घरच्यांना आहे. मागच्या दारानं जे बाहेर जातं त्याचं बिल येत नाही, आणि म्हणून त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

मला ओढ त्या मागच्या दाराची आहे. खानावळीच्या मोरीचं पाणी बोळातल्या गटारात पडतं, गटार बळ्ळारी नाल्याला मिळतं, आणि नाला वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून पुढं जातो. वडगावच्या शिवारात आमच्या घरची जमीन आहे. दर पावसाळ्यात नाला फुगून भातात शिरतो हे लहानपणापासून बघत आले. पाणी ओसरल्यावर रोपांवर जो थर राहतो तो नुसत्या चिखलाचा नसतो, बोटाला तेलकट लागतो. हे काम मी घेतलं त्याचं कारण हेच, आणि अण्णांना ते पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं.

१७ मे

पाण्याचा नकाशा काढला. महापालिकेचं पाणी, म्हणजे राकसकोप आणि हिडकल धरणांचं, पाळीनं येतं. शहरातल्या दहा प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना झाली, ही गल्ली त्यात नव्हती. उरलेलं पाणी बोअरचं, आणि उन्हाळ्यात टँकरचं. तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, त्यामुळं कुठलं किती वापरलं हे कुणालाच सांगता येत नाही. तिन्ही लाइनींवर वेगळे मीटर बसवायला प्लंबरला सांगितलं.

जाता जाता आरओ मशीन बघितलं. घरगुती धाटणीचं आरओ जेवढं पाणी पिण्याजोगं करून देतं त्यापेक्षा जास्त नाकारून मोरीत सोडतं. इथं ते टँकरच्या पाण्यावर चालू होतं. महापालिकेचं पाणी वेगळं भरून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजला तर भारतीय मानकातल्या लिटरला ५०० मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ खाली. धरणाच्या गोड्या पाण्याला आरओ लागत नाही, बारीक गाळणी आणि यूव्ही दिवा पुरतो. फक्त ते पाणी बोअरमध्ये मिसळू द्यायचं नाही. पिण्यासाठी वेगळी छोटी टाकी ठेवायचं ठरलं. ती झाली की खोल्यांतल्या प्लास्टिकच्या बाटल्या बंद करून काचेच्या भरून ठेवायच्या. अण्णा याला लगेच हो म्हणाले, कारण बाटल्यांचा खर्च त्यांना तोंडपाठ आहे.

२७ मे

गरम पाणी. खोलीत गिऱ्हाईक आलं की काउंटरवरचा पोरगा सांगतो, "पाच मिनिटं नळ सोडून ठेवा, गरम येतंय." म्हणून आज नळ सोडून बादली धरली. गच्चीवरच्या टाकीपासून खालच्या टोकाच्या खोलीपर्यंत साधारण ३० मीटर पाऊण इंची पाइप आहे. त्यात नऊ लिटरच्या वर पाणी मावतं. तेवढं थंड पाणी बाहेर पडल्याशिवाय गरम येतच नाही, आणि पाइप उघडा असल्यानं तासाभरात पुन्हा तीच गत. सकाळी सगळ्या खोल्यांत हे होतं. टँकरनं आणलेलं पाणी, पंपानं चढवलेलं, कुणाच्या अंगावर न पडता गटारात.

विजेचा हिशोब सोपा आहे. १००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला कॉइलच्या गिझरला सुमारे ४१ युनिट लागतात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, त्यामुळं तेच काम साधारण १३-१४ युनिटांत होतं. सोलर हीटर उन्हाळ्या-हिवाळ्यात जवळजवळ फुकटात करतो. पण बेळगावात जून ते ऑगस्ट आभाळ सुटत नाही आणि गारठा तेव्हाच असतो. नुसत्या सोलरवर भिस्त ठेवली तर याच तीन महिन्यांत पुन्हा गिझर चालू होणार. म्हणून दोन्ही एकाच टाकीवर. त्याआधी पाइपांना फोमचं वेष्टण आणि पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन, तिच्या पंपाला टायमर, फक्त पहाटे आणि संध्याकाळी.

टाकीचं तापमान ४५ वर ठेवून वीज वाचवूया असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. नको म्हटलं. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात, २० ते ४५ अंश ही त्यांची आवडती जागा, आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. टाकी ६०लाच राहील. बचत पाइपात शोधायची.

८ जून

आजचा सगळा दिवस मोरीपाशी.

दुपारची पंगत उठली की ताटं थेट नळाखाली येतात. भात, रश्शाचा कट, चटणीचं तेल, सगळं पाण्याबरोबर खाली. कढया उकळत्या पाण्यानं आणि साबणानं धुतात. गरम पाणी आणि साबण मिळून तेलाचे इतके बारीक थेंब करतात की मोरी लख्ख दिसते. बोळात पंचवीस पावलं पुढं पाणी निवतं आणि तेच थेंब परत एकमेकांना धरतात.

मागच्या चेंबरचं झाकण दोघांनी मिळून उचललं. चार इंची पाइपाच्या तोंडात आतून राखाडी-पांढरा थर, वरून मेणचट, खाली दगडासारखा घट्ट. खुरप्यानं काढला तर त्यात भाताची शितं, केस, वाळू आणि दालचिनीचा एक तुकडा जसाच्या तसा. मधे दोन बोटं जातील एवढीच वाट शिल्लक होती. काढलेलं घमेल्यात भरलं, तर घमेलं एका हातानं उचलेना.

स्वयंपाकघराचे मुख्य मामा बाजूला उभे होते. "ताई, किती वर्षं झाली ह्याच मोरीत भांडी घासालोय आम्ही, आत कधी तुंबली न्हाई बगा." मामांचं खरंच आहे. मोरी तुंबत नाही, कारण तुंबायचं ते खाली गल्लीत आणि नाल्यात तुंबतं. त्यांना घमेलं दाखवलं, आमचं शिवार कुठं आहे ते सांगितलं. मामा येळ्ळूरचे निघाले. पुढचं बोलणं भाताबद्दलच झालं.

१५ जून

तेल अडवायच्या हौदाचं माप ठरलं. लांबी चार फूट, रुंदी दोन, पाण्याची खोली दोन फूट, म्हणजे साडेचारशे लिटरच्या आसपास. भांडी घासताना मिनिटाला १५ लिटर पाणी येतं असं धरलं तर पाणी आत अर्धा तास थांबतं. तेवढ्यात ते निवतं, तेल दुधावरच्या सायीसारखं वर जमतं, शितं आणि वाळू तळाला बसतात. मधे दोन आडभिंती आणि बाहेर जाणारा पाइप खालून पाणी घेणारा, म्हणजे वरची साय पुढं जात नाही. यंत्र काही नाही, वीज नाही. गवंड्याचं काम.

दोन अटी मात्र पाळाव्याच लागतात. हौदात उकळतं पाणी ओतायचं नाही, नाहीतर जमलेलं तेल पातळ होऊन निसटतं. आणि साय व गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्शाला आले की हौद उपसायचाच. न उपसलेला हौद असून नसल्यासारखा. बाजारात जीवाणूंची पावडर मिळते, टाका आणि विसरा म्हणतात. मी घेऊ दिली नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी तेल फक्त पातळ करून पुढं ढकलतात, आणि पुढं कोण आहे ते मला माहीत आहे.

अण्णांचा प्रश्न : "एवढं करून गिऱ्हाइकाला काय दिसणार?" काहीच दिसणार नाही. तसंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असूंदे, बांधूया."

२ जुलै

हौद सुरू. ताटं घासायच्या आधी उष्टं डब्यात काढायचं, कढया आणि तवे आधी जुन्या कागदानं पुसायचे. नव्या पद्धतीनं घासायला वेळ जास्त लागतो अशी भांडी घासणाऱ्या मावशींची तक्रार. तक्रार रास्त होती, म्हणून त्यांच्या जोडीला दुपारचे दोन तास एक माणूस वाढवला. हा खर्च प्रकल्पात धरलाय. पर्यावरणाचं काम मावशींच्या मनगटावर टाकून करायचं नाही.

२५ जुलै

संततधार. राकसकोप भरल्याची बातमी, मार्कंडेय नदीही दुथडी. नाल्याकडेच्या शेतांत पाणी, थोरल्या काकांची लावण झालेली रोपं बुडाली आहेत. संध्याकाळी जाऊन आले. पाण्यावर थर्माकोलच्या ताटल्या, पाऊच आणि तो ओळखीचा तवंग. आमच्या एका हौदानं या तवंगात फरक पडलेला दिसणार नाही, हे बांधतानाच माहीत होतं. नाल्यातला गाळ, काठावरची अतिक्रमणं, अरुंद पूल, सांडपाण्याचं शुद्धीकरण, प्रत्येक गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. पण शहराच्या या बाजूला खानावळी, मंगल कार्यालयं, बेकऱ्या किती आहेत हे पायी फिरलं तरी कळतं, आणि प्रत्येकीला मागचं दार आहे.

काका म्हणाले, "बाळ, पाणी स्वच्छ असलं तर दोन दिवस बुडालेलं भात उठतंय. ह्या पाण्यातलं उठत न्हाई."

१० ऑगस्ट

ओल्या कचऱ्याचं वजन सुरू होतंच, आता दोन डबे केले : स्वयंपाकातली सालं-देठं वेगळी, ताटातलं उष्टं वेगळं. उष्ट्यात सगळ्यात जास्त भात. राइस प्लेटला भाताचा मोठा मूद आधीच येतो आणि पोळ्या खाल्ल्यावर तो जात नाही. मामांनी स्वतःहून मूद निम्मा केला, हवा तेवढा परत वाढायचा. गिऱ्हाइकाला कमी मिळतंय असं वाटू नये म्हणून वाढप्यानं भाताचं भांडं घेऊन फिरत राहायचं. उष्ट्याचा डबा पहिल्याच आठवड्यात हलका झाला. सगळ्या प्रकल्पात बिनखर्चाची गोष्ट ही एकच, आणि ती मामांची.

दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांत वेगळी सांगितली होती. आपण त्याच्या बरेच खाली. तरीही तो तुरमुरीच्या कचरा डेपोला पाठवायचा नाही असं ठरवलंय. ढिगात हवा न लागता सडणारं अन्न मिथेन सोडतं, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो.

बायोगॅसचा विचार केला. पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या छोट्या संयंत्राला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, तसली संयंत्रं अजून चालतात. पण आपल्याकडं २० किलो कचऱ्यातून जास्तीत जास्त दोन घनमीटर गॅस येईल, म्हणजे एक किलोच्या आतबाहेर एलपीजी. १९ किलोचा एक सिलिंडर तीन आठवड्यांनी वाचेल. मागच्या बोळात ऊन नाही, गच्ची पॅनेलला लागणार. म्हणून खत. जाळीच्या खोक्यात ओल्यावर वाळका पाला आणि भाताचं तूस, दर दोन दिवसांनी परतायचं.

२४ ऑगस्ट

खताचं पहिलं पोतं येळ्ळूरला मामांच्या भावाकडं गेलं आणि परत आलं. त्यांनी पोत्यातून काढलेल्या गोष्टी कागदात बांधून पाठवल्या होत्या : शांपूच्या पुड्यांचे कोपरे, टूथपिक, केचपच्या पाऊचचा तुकडा, टी-बॅगची पिन. रागानं पाठवलेलं नव्हतं. सोबत निरोप, "खत चांगलं हाय, हे तेवढं निवडा."

पुड्या कचऱ्यात निवडत बसण्यापेक्षा दारातून आतच येऊ नयेत. खोल्यांत साबण आणि शांपूचे भिंतीला लावायचे पंप मागवले. १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत स्ट्रॉ, चमचे, ताटल्या आल्या, पुड्या आल्या नाहीत. कर्नाटकात तर २०१६ सालापासून प्लास्टिकबंदी आहे. तरी बाजारात सगळं मिळतं. पंपांवर झाकण असलेलं, कुलपाचं मॉडेल घेतलं, म्हणजे आत कुणी पाणी घालणार नाही.

१२ सप्टेंबर

गणपती. खानावळीत करंज्या, वडे, भजी, तेलाचे डबे संपताहेत. तळणीचं उरलेलं तेल हा वेगळाच धोका. त्यातल्या पोलर घटकांचं, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून तयार होणाऱ्या बिघडलेल्या भागाचं, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते खाण्याच्या कामाचं नाही, २०१८ पासून हा नियम आहे. पण बाद तेलाला गिऱ्हाईक असतं. रात्री डबा घेऊन येणारा माणूस ते हातगाड्यांवर विकतो. आपल्या कढईतलं मेलेलं तेल दुसऱ्या कुणाच्या पोटात जातं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायची योजनाही २०१८ चीच. त्यातल्या नोंदणीकृत संकलकालाच द्यायचं, आणि पावती घ्यायची. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना नोंदवही सक्तीची आहे. आपला वापर कमी, तरी वही घातली. मामा स्वतः लिहितात, मोडीसारख्या वळणात, पण लिहितात.

हौदातून उपसलेली साय संकलक घेत नाहीत, त्यात पाणी आणि घाण असते. ती तुसात कालवून वीटभट्टीला जाते. हा उपाय मला पुरता पटलेला नाही. नाल्यापेक्षा बरा, एवढंच.

५ ऑक्टोबर

टॉवेलांची कार्डं छापली, कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. मजकूर ठरवताना अमेरिकेतल्या एका हॉटेलातला प्रयोग कामी आला. 'पर्यावरण वाचवा' एवढंच लिहिलं तेव्हा ३५ टक्क्यांच्या आसपास पाहुण्यांनी टॉवेल परत वापरला, 'इथले बहुतेक पाहुणे परत वापरतात' असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी २००८ साली ते प्रसिद्ध केलं. आपल्याकडं 'बहुतेक' हे अजून खरं नाही, म्हणून ते वाक्य छापलं नाही. महिनाभर मोजू, खरं झालं तर छापू.

१४ नोव्हेंबर

सोलर हीटर आणि हीट पंप बसले. परतीची लाइन आधीच चालू आहे, खालच्या टोकाच्या खोलीत आता तांब्याभर थंड पाण्यानंतर गरम येतं. काउंटरवरच्या पोराचं ते वाक्य बंद झालं. विजेचं पहिलं पूर्ण बिल डिसेंबरचं येईल, त्याआधी आकडा लिहायचा नाही.

१० डिसेंबर

हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू. ड्रायव्हर, पोलीस, कार्यकर्ते, गावोगावचे आंदोलक, एकही खोली रिकामी नाही, खानावळीत दोन पाळ्या. शहरातल्या प्रत्येक लॉजची खरी परीक्षा याच दिवसांत होते. हौद आठवड्याला उपसायचा तो आता दर चार दिवसांनी उपसावा लागतोय. मावशींना या काळापुरतं अजून एक माणूस दिलं.

सगळीकडं शताब्दीचीही गडबड आहे. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव. गंगाधरराव देशपांडे यांच्यावर व्यवस्थेचा भार होता. येणाऱ्या माणसांना पाणी पुरावं म्हणून तेव्हा विहीर खणली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. कामावरून परतताना काल तिथं थांबले. पाहुणे यायच्या आधी त्यांच्या पाण्याची सोय स्वतः करायची, ही या शहरातली जुनी रीत आहे. पाहुण्यांनी वापरून सोडलेल्या पाण्याचीही तशीच सोय यजमानानं करायला पाहिजे, असं तिथं उभं राहून फार वाटलं.

२२ डिसेंबर

अधिवेशन संपलं, हौद पूर्ण रिकामा करून घासला. बाहेर जाणाऱ्या पाइपात हात घालून बघितलं. जूनमध्ये जिथं दोन बोटांची वाट होती तिथं आता पाइपाचा पृष्ठभाग हाताला लागतो, थर कागदाएवढा. तिन्ही मीटरांच्या नोंदी अण्णांच्या मुलीनं वहीतून संगणकावर घेतल्या. बोअरचा उपसा कमी दिसतोय, पण पावसाळा चांगला झालाय, त्यामुळं त्याचं श्रेय आताच घ्यायचं नाही. मे महिन्यात तोच आकडा परत बघायचा.

शेजारच्या खानावळीचे मालक झाकण उघडं बघून आत आले. खर्च विचारला, उपसायला कोण येतं ते विचारलं. गल्लीच्या टोकाच्या मंगल कार्यालयाचाही निरोप आहे. त्यांचं पाणी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि एका रात्रीत येणारं, तिथं साडेचारशे लिटरचा हौद चालणार नाही. किमान तिप्पट लागेल, शिवाय उष्ट्याचं वेगळं बघावं लागेल. लग्नसराईचा पुढचा जोर सुरू व्हायच्या आत त्यांची मोरी मोजायची आहे. गवंडी तोच सांगितलाय. मामा बरोबर येतो म्हणालेत, आचाऱ्यांशी ते बोलतील.